नादारीच्या अर्जाआधी आणि अर्जानंतर

पाचशे रुपयांत आज चार माणसांचे हॉटेलातले साधे जेवणही होत नाही. पण 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याप्रमाणे एवढे कर्ज अंगावर असलेला आणि ते फेडू न शकणारा माणूस न्यायालयात जाऊन 'मला नादार जाहीर करा' असा अर्ज करू शकतो. शंभर वर्षांपूर्वीचा तो आकडा कुणी बदलला नाही आणि कायदाही अजून चालू आहे. मुंबई शहराला त्याहून जुना, 1909 चा वेगळा कायदा लागू आहे, तिथला अर्ज उच्च न्यायालयात होतो. वसुलीच्या फोनने ज्यांची झोप उडाली आहे त्यांच्यातल्या बहुतेकांनी मात्र या दोन्ही कायद्यांची नावे ऐकलेली नसतात.

नादारी हा शेवटचा दरवाजा. त्याच्या अलीकडे बँकेशी तडजोड, लोकअदालत, सावकाराविरुद्धची तक्रार, जप्तीला हरकत असे आणखी दरवाजे आहेत. यातला प्रत्येक दरवाजा कागद पाहून उघडतो, आणि जितका उशीर तितका तो महाग पडतो. हप्ता थकल्यावर फोन बंद करून गावाला निघून जाणारा कर्जदार नेमका हा वेळ आणि हे कागद गमावतो.

सुरुवात भीतीपासून करायला हवी. कर्ज थकणे हा गुन्हा नाही. वसुली एजंट 'उद्या पोलीस येतील' म्हणतो, पण साध्या थकबाकीसाठी पोलीस कुणाला उचलून नेऊ शकत नाहीत. ते दिवाणी प्रकरण आहे. दिवाणी न्यायालयाला हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कर्जदाराला जास्तीत जास्त तीन महिने दिवाणी कैदेत ठेवण्याचा अधिकार कागदावर आहे. पण 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो अधिकार आवळून टाकला. पैसे असूनही बुडवणाऱ्याला तुरुंग दाखवता येईल, ज्याच्याकडे खरोखरच नाहीत त्याला नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर दिवाणी कैद करताच येत नाही.

न वटलेला धनादेश मात्र वेगळा. परक्राम्य संलेख कायद्याचे 138 कलम फौजदारी आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत गेला तरी 2007 च्या एका कायद्याखाली अशीच तरतूद आहे. या प्रकरणाची नोटीस हाती पडल्यापासून पैसे भरायला 15 दिवस असतात. असे पाकीट न फोडता कपाटावर ठेवून देणे म्हणजे ते 15 दिवस फुकट घालवणे.

आता एक उदाहरण घेऊ. नाव नको, गावही नको. एका खासगी कार्यालयातला कारकून, पगार 32 हजार. बँकेच्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता 11 हजार, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम 6 हजार, पतसंस्थेचे 5 हजार आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपचे 4 हजार. बेरीज 26 हजार. घरखर्च, भाडे, मुलाची फी मिळून 18 हजार. म्हणजे दर महिन्याला 12 हजारांचा खड्डा, आणि तो बुजवायला पुढच्या महिन्यात आणखी एक अ‍ॅप. असा माणूस आळशी नसतो आणि उधळ्याही नसतो, पण नवे कर्ज काढून जुने फेडू लागला की त्याचा हिशेब कधीच जुळत नाही.

त्याने पहिल्या दिवशी एक वही घ्यावी. कर्ज कुणाचे, मूळ रक्कम किती, आजवर भरले किती, बाकी किती, तारण काय, जामीनदार कोण, कोरे धनादेश कुणाकडे आहेत, हे सगळे एका पानावर उतरवावे. 'देणेकरी कोण' या रकान्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. बँकेला एक कायदा लागतो, पतसंस्थेला दुसरा आणि सावकाराला तिसरा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा अहवाल फुकट द्यावा लागतो. तो काढला की विसरलेली खाती आणि चुकीच्या नोंदी दिसतात.

मग बँकेला पत्र. तोंडी बोलणे नाही आणि एजंटाशी तर नाहीच. शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज करून पोच घ्यावी. उत्पन्न का घटले (नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला), आता महिन्याला खरोखर किती भरता येईल, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे त्यात लिहावे. दवाखान्याची बिले किंवा कंपनीचे कामावरून कमी केल्याचे पत्र जोडावे. हप्ता 90 दिवस थकला की बँक ते खाते अनुत्पादक मानते आणि तिच्या हालचाली कडक होतात. म्हणून पत्र पहिल्या थकीत हप्त्याच्या आधीच गेलेले बरे. थकीत हप्त्यावर बँक दंड लावू शकते, पण तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवण्याला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. हिशेबाचा उतारा मागून ही बाब तपासावी.

मुदत वाढवूनही भागत नसेल तर एकरकमी तडजोड, म्हणजे बँकवाल्यांच्या भाषेत ओटीएस. सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये हिलाच सामोपचार योजना म्हणतात. ठरावीक रक्कम ठरावीक दिवसांत भरायची आणि बाकीवर पाणी सोडायचे, असा हा व्यवहार. तो करताना दोन पथ्ये पाळावीत. बँकेच्या लेटरहेडवर मंजुरीपत्र हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये, आणि दिलेला प्रत्येक रुपया कर्जखात्यातच जमा व्हावा. एजंटाच्या हातात रोख नको, त्याच्या मोबाइल क्रमांकावर तर नकोच.

तडजोडीची किंमतही ठाऊक असावी. पतअहवालात खाते 'बंद' असे न दिसता 'तडजोडीने मिटवले' असे दिसते आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणे अवघड जाते. जून 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड केलेल्याला त्याच संस्थेने निदान 12 महिने नवे कर्ज द्यायचे नसते. पैसे भरून झाले की बेबाकी दाखला घ्यावा. तारणाची मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, तिच्या चुकीमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई तिला द्यावी लागते.

हल्ली 'तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो' अशा जाहिराती करणाऱ्या कंपन्यांचे पीक आले आहे. त्या आधी फी घेतात, हप्ते थांबवायला सांगतात, आणि मग बँकेला तोच अर्ज पाठवतात जो कर्जदार स्वतः शाखेत जाऊन देऊ शकला असता.

वसुलीलाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास देणे, घाणेरडे संदेश पाठवणे याला बंदी आहे. मायक्रोफायनान्सच्या वसुलीची वेळ त्याहून कमी, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने मोबाइलमधले संपर्क आणि फोटो चाळायचे नाहीत, असाही नियम आहे. उल्लंघन झाले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला वकील लागत नाही आणि फीही नाही. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. अ‍ॅपवाल्याने धमकावले किंवा फोटोंची मोडतोड करून पाठवले तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करून पोलिसांत तक्रार द्यावी.

घर तारण असेल तर सरफेसी कायदा येतो. 2002 च्या या कायद्याने बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेता येते. 2020 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचे स्पष्ट केले. पण पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी 60 दिवसांची मागणी नोटीस. तिला कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायचे. मग ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. राज्यात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी पूर्ण थकबाकी आणि खर्च भरला तर घर वाचते, त्यानंतर फार उशीर झालेला असतो. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागत नाही, एक लाखापर्यंतच्या बाकीलाही नाही.

ज्याला घर टिकवणे शक्य नाही त्याने एक कटू हिशेब वेळेत करावा. बँकेच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधून विकलेल्या घराला लिलावापेक्षा बरा भाव येण्याची शक्यता असते, आणि कर्ज फेडून उरलेले पैसे लवकर हातात पडतात.

पतसंस्थेची वाट निराळी. तिथे सहकार कायद्याच्या 101 कलमाखाली निबंधक वसुली दाखला देतो आणि त्यावर थेट जप्ती येते. 'एकशे एकची नोटीस आली' हे शब्द गावोगाव ऐकू येतात, पण ती नोटीस आल्यावर निबंधकासमोर हजर राहून आपले म्हणणे मांडायचे असते, हे अनेकांना उमगत नाही. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून व्याजाची आकारणी चुकली असेल, भरलेले हप्ते जमा दिसत नसतील, तर पावत्या पहिल्याच तारखेला दाखवाव्यात. पतसंस्थेबद्दलची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे चालत नाही, ती सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे करावी लागते.

सावकारीविरुद्ध कायद्याचा आधार घेण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. त्या दंग्यांची चौकशी झाली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. खतावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे न्यायालयाने खणून पाहावे, अशी सोय त्यात होती. आजचा कायदा 2014 चा, महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुख्य म्हणजे, कर्जापोटी खरेदीखत करून जमीन किंवा घर लिहून घेतले असेल आणि त्याला 15 वर्षे उलटली नसतील, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो व्यवहार सावकारीचाच होता असे चौकशीत दिसले तर उपनिबंधक मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतो. महिन्याला दहा टक्के उकळणाऱ्याची पावती नसते, पण मोबाइलवरचे संदेश, खात्यातून वळते झालेले पैसे आणि साक्षीदार असतात. ते जपून ठेवावेत.

दावा दाखल झाला किंवा व्हायचा असेल तर लोकअदालत हा सोपा मार्ग आहे. बँका दावा लावण्याआधीच 'दाखलपूर्व' प्रकरणे तिथे नेतात. तिथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते. त्यामुळे गर्दीत, घाईत सही करू नये. दर महिन्याचा जो आकडा झेपणार नाही तो कबूल केला तर पुढची कारवाई थेट वसुलीचीच होते.

हुकूमनामा झाला तरी सारे काही जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 कलमात याची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन आणि आयुर्विम्याचे पैसेही सुरक्षित. मजुराची मजुरी पूर्ण सुरक्षित, तर पगारदाराच्या पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. वरच्या कारकुनाचा पगार 32 हजार धरला तर जप्तीत महिन्याला साधारण 10 हजार 300 रुपये जाऊ शकतात, सगळा पगार नाही. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात एकूण 24 महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. हे माहीत असलेला माणूस तडजोडीला बसताना घाबरून वाटेल ते कबूल करत नाही.

एवढे करूनही देणी मालमत्तेच्या कितीतरी पटींनी जास्त राहिली, तर नादारी. अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा शासनाने तो अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात करायचा. त्यात प्रत्येक देणेकऱ्याचे नाव, पत्ता आणि रक्कम, स्वतःची झाडून सारी मालमत्ता आणि ती न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी लिहावी लागते. पहिल्या दिवशी केलेली वही इथे कामाला येते. न्यायालयाने नादार जाहीर केले की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. वर सांगितलेल्या जप्तीबाहेरच्या वस्तू घरातच राहतात. देणेकऱ्यांना परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागता येतो. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क मात्र तसाच राहतो, आणि धनादेशाचा फौजदारी खटला थांबत नाही.

नादार जाहीर होणे म्हणजे सुटका नव्हे, हे नीट लक्षात घ्यावे. न्यायालय ठरवून देते त्या मुदतीत मुक्ततेचा वेगळा अर्ज करावा लागतो. त्या वेळी कर्जदार कसा वागला ते तपासले जाते. मालमत्ता रुपयामागे आठ आण्यांइतकीही का उरली नाही, फेडता येणार नाही हे ठाऊक असताना कर्ज घेतले का, जुगार किंवा उधळपट्टी केली का, धंद्याच्या हिशेबाच्या वह्या ठेवल्या का. अर्जाच्या आधी तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकते माप देऊन त्याचे पैसे चुकते केले असतील, किंवा आधीच्या दोन वर्षांत घर बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावावर फुकट करून दिले असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. मालमत्ता लपवणे हा तर गुन्हाच.

मुक्ततेचा आदेश मिळाला की बहुतेक देणी संपतात. सरकारची देणी, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगी संपत नाही. जामीनदारही सुटत नाही. 'नुसती सही तर करायची आहे' म्हणून जामीन राहिलेल्या मेव्हण्याला किंवा सहकाऱ्याला आधी विश्वासात घेणे म्हणूनच गरजेचे. मुक्तता होईपर्यंत नादाराला आमदार-खासदार होता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये जरी उधार घेतले तरी कैद होऊ शकते.

2016 ची दिवाळखोरी संहिता हे सगळे बदलणार होती. वर्षाला 60 हजारांपर्यंत उत्पन्न, 20 हजारांपर्यंत मालमत्ता, 35 हजारांपर्यंत कर्ज आणि स्वतःचे घर नसलेल्या माणसाला कोरी पाटी देणारी एक योजनाही तिच्यात लिहिलेली आहे. पण सामान्य व्यक्तींसाठीचा तो भाग सरकारने लागू केलेला नाही. 1 डिसेंबर 2019 पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. 2021 मध्ये ललित कुमार जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय वैध ठरवला. आपल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला स्वतःची हमी दिलेला उद्योजक त्यामुळे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करू शकतो. रकमेच्या हिशेबात तीन चतुर्थांशांहून जास्त देणेकऱ्यांनी मान्य केली तर परतफेडीची योजना मंजूर होऊ शकते. कारकून, रिक्षावाला, शिक्षिका यांना मात्र 1909 आणि 1920 चेच कायदे.

यातले कुठलेही पाऊल उचलण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि पैसे नाहीत म्हणून तो टाळू नये. प्रत्येक तालुका आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा कार्यालय असते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो. दूरध्वनी क्रमांक 15100. पहिल्या भेटीला जाताना ती वही, आलेली सगळी पाकिटे, सहा महिन्यांचा बँक उतारा आणि पगाराची पावती सोबत न्यावी, आणि जामीनदारालाही बरोबर घेऊन जावे.